पेन्सिलीने पाहिलेला मासा

बांगडा तुम्ही अनेकदा पाहिला असेल. आता डोळे मिटून तो आठवा आणि कागदावर त्याचे चित्र काढा. मग बाजारातून आणलेला बांगडा त्या चित्राशेजारी ठेवा. शेपटीच्या अलीकडे, पाठीवर पाच आणि पोटाकडे पाच, असे छोटे छोटे सुटे पर दिसतील. तुमच्या चित्रात ते आहेत का? माझ्या चित्रात नव्हते. इतकी वर्षे बांगडे खाऊनही मला ते दिसले नव्हते!

लुई अगासी यांना डोळ्यांची ही खोड चांगली ठाऊक होती. ते मूळचे स्वित्झर्लंडचे, माशांचे मोठे अभ्यासक. पुढे ते अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात प्राध्यापक झाले. तेथे सॅम्युएल स्कडर नावाचा तरुण त्यांच्याकडे शिकायला आला. त्याला खरी आवड कीटकांची. पण अगासींनी त्याच्यापुढे अल्कोहोलमध्ये राखलेला एक मासा ठेवला, नीट पाहायला सांगितले आणि ते निघून गेले. भिंग वापरायचे नाही, अशी अट. दहा मिनिटांत स्कडरचे पाहून संपले. गुरुजी काही लवकर येईनात. कंटाळून त्याने माशाचे दात चाचपले, खवल्यांच्या ओळी मोजल्या. शेवटी तो सहज चित्र काढू लागला आणि चकित झाला. आतापर्यंत न दिसलेल्या गोष्टी आता दिसू लागल्या! रेघ कोठे वळवायची हे ठरवायचे, तर माशाकडे पुन्हा पाहावेच लागते. अगासी परतले. हातातली पेन्सिल पाहून ते खूश झाले. पण त्याची सुटका मात्र झाली नाही. तीन दिवस तोच मासा त्याच्यासमोर होता.

मुले अशी शिकायची, तर आधी शिक्षकांनी शिकायला हवे. म्हणून 1873 च्या उन्हाळ्यात अगासींनी मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळील पेनिकीज या लहानशा बेटावर शिक्षकांसाठी शाळा काढली. जॉन अँडरसन या व्यापाऱ्याने बेट आणि 50,000 डॉलर दिले होते. सुमारे पन्नास शिक्षक-शिक्षिका आल्या. समुद्रातून काढलेले जिवंत प्राणी त्यांच्यापुढे असत. अगासी बोलता बोलता खडूने फळ्यावर प्राणी रेखाटत.

आम्ही प्रशिक्षण घेत होतो, तेव्हा आम्हीही फळ्यावर मासा काढत असू. पण तो पुस्तकातल्या आकृतीवरून. खरा मासा वर्गात कोणी आणलाच नाही.

अगासींची प्रकृती तेव्हा ठीक नव्हती. डिसेंबर 1873 मध्ये ते वारले. त्यांच्या मुलाने आणखी एक उन्हाळा शाळा चालवली. मग ती बंद पडली. त्या बेटावर शिकलेले डेव्हिड जॉर्डन पुढे मोठे मत्स्यशास्त्रज्ञ आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष झाले.

आणि हो, बांगड्याच्या अंगावर एक काळा ठिपकाही असतो. तो कोठे, हे मी सांगणार नाही. पेन्सिल घ्या.