चौकोनाची शंकरपाळी होते तेव्हा

कागदाचा एक चौरस चार वर्षांच्या मुलापुढे ठेवा. ‘चौकोन,’ असं ते लगेच सांगेल. आता त्याच्या डोळ्यांदेखत तोच कागद फिरवून कोपऱ्यावर उभा धरा. पुष्कळ मुलं ठामपणे म्हणतात, ‘ही शंकरपाळी!’ बाजू त्याच, कोपरे तेच. वाटी पालथी केली तरी मूल तिला वाटीच म्हणतं. चौकोन मात्र फिरला की त्याच्या लेखी दुसराच होतो. आणि हा चकवा फक्त लहानांना पडत नाही. तिरका केलेला चौरस मोठ्यांच्या नजरेलाही वेगळा वाटतो, हे अर्न्स्ट माख या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच नोंदवून ठेवलं आहे.

तक्त्यावरचा त्रिकोण बहुधा एकाच थाटात बसलेला असतो: पाया खाली, टोक वर. मूल त्रिकोण म्हणून तेवढं चित्रच मनात ठेवतं, आणि लांबट किंवा उलटा त्रिकोण आला की ‘हा नाही’ म्हणतं. हातातली वस्तू मात्र पडते, लोळते, उलटते. आकार डोळ्यांआधी हाताला द्यावा, असं मला मनापासून वाटतं ते यासाठी.

रोममध्ये १९०७ साली मारिया माँटेसरींनी बालगृह सुरू केलं. तिथली मुलं लाकडी आकारांच्या कडांवरून बोटं फिरवत, कधी डोळ्यांवर पट्टी बांधूनही. ते साहित्य महागडं. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम उभं केलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि या दोघींनी पानं, बिया, खडे, शिंपले हेच शिकण्याचं साहित्य केलं. केवढी मोठी गोष्ट ही!

रत्नागिरीच्या अंगणात तर अशा साहित्याला तोटाच नाही. करवंटी पालथी घातली की घट्ट बसते, उताणी ठेवली की डुलते. भेंडीचा देठाकडचा तुकडा रंगात बुडवून उमटवला की कागदावर बहुधा पाच कोपऱ्यांचं फूल उठतं. गडग्यातला जांभ्याचा चिरा एकीकडून लांबट दिसतो, टोकाकडून आखूड.

सगळ्यात थक्क करणारी गोष्ट तळ्यात-मळ्यात या खेळाची. मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजेंना दिसलं, की तीन-साडेतीन वर्षांचं मूल वर्तुळ, चौकोन, त्रिकोण यांची नक्कल करताना तिन्हींसाठी जवळपास सारखंच बंद वेटोळं काढतं. पण ठिपका वेटोळ्याच्या आत आहे, बाहेर आहे की रेघेवर, हे मात्र ते बरोबर दाखवतं! म्हणजे कोपरे आणि बाजू कळण्याआधी आत-बाहेर कळतं. मोठे गणिती ज्याला संस्थिती म्हणतात, त्या शाखेच्या मुळाशी हाच विचार आहे. अंगणात गोल आखून ‘तळ्यात’ म्हणताच आत उडी मारणारं पोर तोच विचार पायांनी करून पाहत असतं.

थोड्या मोठ्या मुलांना माडाच्या झापाचे हीर द्या आणि दोरा. तीन हिरांची टोकं बांधली, की त्रिकोण कितीही दाबा, कोन हलत नाही. चार सारखे हीर बांधले, की चौकोन लगेच कलतो आणि खरोखरच शंकरपाळी होते. मघाची नव्हे बरं का. आता कोपरेच बदलले. मुलांना दोन्ही तासभर हाताळू द्या. मग समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत पाचवा हीर तिरका बांधायला सांगा. चौकोन जागच्या जागी ताठ होतो. का, ते विचारा, आणि मग वर कौलांखालचा वासा, आढं आणि तुळई दाखवा: तिथेही त्रिकोणच बसलेले आहेत.