हॅवलॉकचे निवांत किनारे

अंदमानला गेलेली मराठी मंडळी सेल्युलर जेलमध्ये सावरकरांच्या कोठडीपुढं हात जोडतात आणि दुसऱ्या दिवशी हॅवलॉकची बोट पकडतात. २०१८ मध्ये या बेटाचं नाव स्वराज द्वीप झालं, तरी बोलण्यात हॅवलॉकच आहे. इथल्या राधानगर किनाऱ्याला ‘टाइम’ साप्ताहिकानं २००४ साली आशियात सर्वोत्तम ठरवलं होतं. साहजिकच सगळ्यांचे पाय तिकडंच वळतात.

पण ही गर्दी घड्याळ लावून येते. बोटीतून उतरायचं, हॉटेलात सामान टाकायचं, जेवायचं आणि सूर्यास्ताला राधानगर गाठायचं, असा बहुतेकांचा बेत. अंदमान इतकं पूर्वेला, की डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. म्हणून तीन ते पाच नुसती जत्रा! तोच किनारा सकाळी सातला पाहावा. मागं गर्द झाडी, पुढं लांबच लांब पांढरी वाळू आणि तिच्यावर खेकड्यांची नक्षी. त्यासाठी बेटावर मुक्काम मात्र हवा. सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्यांना हे सुख नाही.

सूर्योदय पाहायचा तर पूर्वेकडचा विजयनगर किनारा गाठावा. वाळूवर ओणवी झालेली मोठी झाडं, मुलांना खेळायला ऐसपैस सावली. ओहोटीला पाणी दूरवर जातं आणि खडक उघडे पडतात, तेव्हा पायात चपला असू द्याव्यात. भरतीची वेळ हॉटेलवाल्याला विचारून ठेवावी. पुढं कालापथरला रिक्षा थांबतात तिथंच फोटोंची झुंबड असते. थोडं पुढं चालत गेलं, की ती मागं पडते.

एकांताच्या हौसेला एका ठिकाणी मात्र आवर घालावा. राधानगरच्या टोकाला नील्स कोव्ह नावाची शांत, हिरवट पाण्याची खाडी आहे. पाहताक्षणी उतरावंसं वाटतं. पण २०१० मध्ये इथंच पाण्यात उतरलेल्या एका परदेशी तरुणीचा मगरीनं बळी घेतला. अंदमानातल्या मगरी खाऱ्या पाण्यात सहज वावरतात. खाडीचं तोंड आणि खारफुटी या त्यांच्या आवडत्या जागा. तेव्हा सकाळच्या निवांतपणात वाळूवर हवं तितकं फिरावं, पोहायला मात्र जीवरक्षक आल्यावर, त्यांनी आखून दिलेल्या हद्दीतच उतरावं. अंधार पडू लागला, की मुलांना बाहेर काढावं.

आणि मुलांनी खिशात भरलेले शंख, पोवळ्याचे तुकडे निघण्यापूर्वी किनाऱ्यावरच ठेवायला सांगावेत. विमानतळावर सामान तपासतात.