आधी आवर, मग जोर

निवृत्तीला दोन वर्षे उरली असता माझ्या गुडघ्यांनी कुरकुर सुरू केली. बेळगावात शहापूर भागातील घरापासून शाळा सात किलोमीटर. वाटेतला चढ पूर्वी जाणवतही नसे. आता मध्येच उतरून सायकल ढकलावी लागे. मागून येणारी मुले ‘सर, आम्ही ढकलू का?’ असे विचारीत. त्यांचा भाव प्रेमाचा, पण मन खट्टू होई. घरच्यांचे मत स्कूटर घ्यावी असे. मला मात्र तीस वर्षांची सवय मोडवेना. म्हणून आहे त्याच सायकलीला विजेचा संच स्वहस्ते बसविण्याचे मी मनावर घेतले.

संचात मुख्य वस्तू पाच : हबमध्येच मोटार असलेले पुढचे चाक, कंट्रोलर, ब्रेकच्या दोन मुठी, पायडलाच्या आसाशी बसणारी चुंबकांची चकती व तिचा संवेदक, आणि ३६ व्होल्टची १० अँपिअर-अवर बॅटरी. पायडल फिरू लागले की संवेदक ते ओळखतो व कंट्रोलर मोटारीस वीज पुरवितो. मोटार २५० वॅटची, म्हणजे एका अश्वशक्तीचा सुमारे तिसरा हिस्सा.

एका रविवारी सायकल उलटी करून जुने चाक काढले, टायर-ट्यूब नव्या चाकावर चढविले, आस चिमट्यात बसवून नट आवळले. शेवटी एका बाजूस दात असलेले दोन वायसर उरले. ते जादा असावेत, असे समजून मी डब्यात टाकले. अंगणात पायडल मारले मात्र, कर्र असा आवाज झाला. चाक फिरण्याऐवजी आसच चिमट्यात उलटा फिरला आणि त्यातून निघणारी तार पिळवटून तुटली.

“अहो, हेच भर रस्त्यात झाले असते तर?” सौभाग्यवतींच्या या प्रश्नास माझ्यापाशी उत्तर नव्हते.

सायकल दुरुस्तीचे दुकान चालविणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने पाहताच विचारले, “सर, दाताचे वायसर कुठे आहेत?” मग त्याने मला धडा दिला. साध्या चाकाचा आस केवळ भार पेलतो. येथे मोटार चाकाला जेवढ्या जोराने पुढे लोटते, तेवढ्याच जोराने आसाला उलट पिळते. म्हणून आसाची टोके दोन बाजूंनी चपटी असतात, आणि वायसरचा दात चिमट्याच्या खाचेत बसून आसाला फिरू देत नाही. शिवाय आस व चिमटा यांना जखडणारी पोलादी पट्टी लावणे उत्तम. पुढचा चिमटा लोखंडीच हवा. अॅल्युमिनियमचा तडकण्याची भीती. ‘सूचना नीट वाचा’ असे प्रत्येक परीक्षेत बजावणाऱ्या मला हे ऐकताना ओशाळल्यासारखे झाले.

तार बदलून दुसऱ्यांदा काम केले ते सावकाश. आसातून निघणारी तार खालच्या बाजूस ठेवली, म्हणजे पावसाचे पाणी तारेवरून आत न जाता गळून पडते. झिजलेले ब्रेकचे रबर बदलले. संचातील मुठी दाबताच मोटारीची वीज तुटते. जुन्या मुठी तशाच ठेवणे म्हणजे ब्रेक आणि मोटार यांची झुंज लावणे. बॅटरी अगदी शेवटी जोडली. पुढचे चाक अधांतरी धरून मोटार सुरू केली, दोन्ही मुठी आळीपाळीने दाबून पाहिल्या आणि मगच सायकलीवर बसलो. पहिल्या फेरीनंतर नट पुन्हा आवळले.

अधिक जोराची मोटार घेण्याचा मोह टाळावा. आपल्याकडील नियमांत २५० वॅट आणि ताशी २५ किलोमीटर या मर्यादेतील विजेच्या वाहनास काही अटींवर मोटार वाहन समजत नाहीत. त्यापलीकडे नोंदणी व परवान्याचा प्रश्न येतो. बॅटरीला तिचाच चार्जर वापरावा, रात्री सर्व निजल्यावर ती चार्जिंगला ठेवू नये, फुगल्यास वापरू नये. भरलेल्या बॅटरीत एका युनिटच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडी अधिक वीज मावते. मी पायडल मारीत असल्याने तेवढ्यात माझे रोजचे चौदा किलोमीटर सहज होतात.

आता चढावर उतरावे लागत नाही. मुले हल्ली विचारतात, “सर, डबलसीट नेता का?” मी नाही म्हणतो. या मोटारीचा जोर एका म्हाताऱ्या मास्तरापुरताच आहे!