अहवालातलं मराठी कपाट

हर्नडनला लेकीकडे राहायला आले त्याला आता काही वर्षं झाली. मंडळाच्या कार्यक्रमात कुणी विचारलं, "काकू, तुम्ही तिकडे काय करत होता?" की मी सांगते, "कॉलेजात ग्रंथपाल होते." त्यावर ठरलेलं उत्तर येतं, "वा! म्हणजे दिवसभर वाचायला मिळत असेल." मी नुसती हसते. कारण माझे बरेचसे मार्च-एप्रिल पुस्तकांत नव्हे, वार्षिक अहवालाच्या आकड्यांत गेले.

सुरुवातीला तो अहवाल आम्ही सालाबादप्रमाणे लिहायचो. मागच्या वर्षीची फाइल काढायची, दाखल नोंदवहीतून नव्या पुस्तकांची संख्या घ्यायची, देवघेवीचा आकडा घालायचा आणि शेवटी 'विद्यार्थ्यांनी ग्रंथालयाचा चांगला लाभ घेतला' हे वाक्य टाकायचं. वाचनकक्षात किती मुलं बसली, हे संध्याकाळी अंदाजाने लिहिलेलं असे. तो कागद पुढे कुणी वाचेल, असं मलाही वाटत नव्हतं.

मग एके वर्षी खर्चात कपात आली आणि संध्याकाळचा वाचनकक्ष बंद करायची सूचना निघाली. दिवसा नोकरी करून सहानंतर येणारी मुलं तिथे बसत. ती मला रोज दिसत होती, पण अहवालात कुठेच नव्हती. बैठकीत "किती जण येतात?" असं विचारलं, तेव्हा 'बरेच' यापलीकडे माझ्याकडे उत्तर नव्हतं. कक्ष बंद झाला. पुढे मी दर तासाला डोकी मोजून लिहू लागले, बंद दारावरून परत गेलेली मुलंसुद्धा. दोन वर्षांनी त्या आकड्यांवर परीक्षेच्या महिन्यांपुरता कक्ष पुन्हा उघडला. मधल्या दोन वर्षांतल्या मुलांना मात्र त्याचा काही उपयोग झाला नाही.

तेव्हापासून अहवाल लिहिताना मी 'आपल्याकडे किती आहे' याच्याआधी 'कोणी, किती वापरलं' आणि 'काय मागितलं पण मिळालं नाही' हे लिहीत असे. शेवटचा रकाना सर्वात उपयोगाचा. पुढच्या वर्षीची खरेदीची यादी त्यातूनच तयार होते. नियतकालिकांचंही तसंच. समजा, एका नियतकालिकाची वर्गणी ३,००० डॉलर आहे आणि वर्षात ते ३० वेळा उघडलं गेलं, तर एका वाचनाला १०० डॉलर पडले. ते चालू ठेवायचं की नाही, यावर मग निदान मुद्द्याची चर्चा होते.

आता महाराष्ट्रातही या अहवालाचं वजन वाढलं आहे. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात ग्रंथालयाला 'ज्ञानस्रोत केंद्र' हे नाव मिळालं. पुणे विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय आज त्याच नावाने ओळखलं जातं. नॅकच्या मूल्यांकनात पुस्तकांवरचा वर्षाचा खर्च विचारला जातो, तसाच रोजचा वापरही विचारला जातो.

अमेरिकेत ही मोजणी जुनी. मिनेसोटा विद्यापीठाचे ग्रंथपाल जेम्स जेरोल्ड यांनी १९०७-०८ पासून मोठ्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांचे आकडे एकत्र करायला सुरुवात केली. आज इथली महाविद्यालयं आणि विद्यापीठं पुस्तकं, ई-पुस्तकं, देवघेव, खर्च यांची माहिती दरवर्षी केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याला देतात. ती कुणालाही पाहता येते. मुलांसाठी कॉलेज शोधताना आपण वसतिगृह आणि जेवण पाहतो. हे आकडेही एकदा पाहायला हरकत नाही.

पण आपल्याशी याचा जवळचा संबंध वेगळाच आहे. साठच्या दशकात रेशनच्या दुकानात मिळणारा अमेरिकन गहू आमच्या पिढीला आठवत असेल. तो पीएल ४८० कायद्याखाली यायचा आणि त्याची किंमत भारत रुपयांत चुकती करायचा. त्याच रुपयांतून लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९६२ पासून आपल्या दिल्ली कार्यालयामार्फत भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेतली आणि त्यांच्या प्रती अमेरिकेतल्या विद्यापीठांना पाठवल्या. त्यांत मराठी पुस्तकंही होती. पुढे रुपये संपले आणि विद्यापीठांना ही पुस्तकं डॉलर मोजून घ्यावी लागली. डॉलर आले की हिशेब आला, आणि हिशेब म्हणजे वार्षिक अहवाल. ज्या पुस्तकांची देवघेव होत नाही, ती दूरच्या गोदामात हलवायची का आणि त्या भाषेची नवी खरेदी किती करायची, हे ठरवताना वापराचा आकडा समोर ठेवला जातो.

मागे एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात लेकीबरोबर गेले होते. मराठी कपाट सापडलं. दोन तास पुस्तकं चाळली आणि निघताना सगळी जागच्या जागी नीट लावून ठेवली. चाळीस वर्षांची सवय! तिथे काम करणारी एक मुलगी धावत आली आणि म्हणाली, "आजी, परत लावू नका, टेबलावरच ठेवा." टेबलावर राहिलेली पुस्तकं ती स्कॅन करते, तेव्हा कुठे ती 'वापरली' अशी नोंद होते. मी लावून ठेवलेली पुस्तकं त्यांच्या लेखी कुणी उघडलीच नव्हती. मी ग्रंथपाल, आणि मराठीचे सात-आठ आकडे मीच पुसून टाकत होते! मुकाट्याने ती पुन्हा काढून टेबलावर ठेवली.

म्हणून मंडळातल्या सगळ्यांना एक विनंती. मुलं-नातवंडं विद्यापीठात असतील, तर त्यांच्या ओळखपत्रावर वर्षातून दोन मराठी पुस्तकं घरी आणायला सांगा. तिथे नसतील, तर दुसऱ्या विद्यापीठाकडून मागवायला सांगा. ती मागणीही मोजली जाते. १५ नोव्हेंबर २०२२ पासून सिल्व्हर लाइन हर्नडनपर्यंत आली आहे. गाडी न बदलता कॅपिटल साउथला उतरा, लायब्ररी ऑफ काँग्रेस तिथून चालत जाण्याइतकी जवळ आहे. वाचकाचं ओळखपत्र मोफत मिळतं. आशियाई विभागात मराठी पुस्तक मागा आणि निवांत वाचा.

आणि वाचून झालं, की कपाटात परत लावू नका.