‘हेल्प मीट’मधला ‘मीट’

‘मीट’ म्हटलं की आपल्याला भेट आठवते, नाहीतर मटण. पण इंग्रजीत याच उच्चाराचं एक विशेषणही होतं. अर्थ योग्य, उचित, साजेसं. सुमारे हजार वर्षं ते वापरात होतं; नंतर मागे पडलं आणि आता चर्चच्या प्रार्थनेत किंवा जुन्या नाटकांतच भेटतं. मात्र जाता जाता ते बायबलच्या एका वाक्यात असा गोंधळ करून गेलं की त्यातून इंग्रजीला एक नवाच शब्द मिळाला. बायकोकडे पाहण्याची एक नजरही त्या शब्दाला चिकटली.

एक उच्चार, तीन घराणी

भेटणं या अर्थाचा ‘मीट’ आणि विशेषण ‘मीट’ यांचं स्पेलिंग एकच, तरी त्यांचा परस्परांशी संबंध नाही. भेटण्याचा ‘मीट’ हा ‘मूट’चा भाऊबंद. मूट म्हणजे जुन्या इंग्लंडातली गावसभा. आपल्या लॉ कॉलेजांत मुलं ‘मूट कोर्ट’ भरवतात, त्यातला मूट तोच.

खाण्याचा ‘मीट’ आणखी वेगळा. त्याचा मूळ अर्थ नुसतंच अन्न, मग ते कसलंही असो. 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये देव माणसाला झाडपाला आणि फळं ‘मीट’ म्हणून देतो, तेव्हा तो शुद्ध शाकाहारी बेत असतो. मिठाईला ‘स्वीटमीट’ म्हणतात तेही यामुळेच.

मापाला माप

आपल्या विशेषणाचं जुन्या इंग्रजीतलं रूप ‘गेमेटे’. त्यातला ‘गे’ म्हणजे सह, बरोबर. पुढचा भाग मापाचा. म्हणजे मूळ अर्थ ‘सारख्या मापाचं’. लॅटिनवरून आलेल्या ‘कमेन्शुरेट’ची घडण अगदी हीच आहे. जर्मनमध्ये याचा सख्खा भाऊ ‘गेमेस’ आजही ‘अमक्यानुसार’ या अर्थाने रोजच्या वापरात आहे. लॅटिन ‘मोडुस’ याच कुळातला. त्याच्यामागून मॉडेस्ट, मॉडरेट ही मंडळी आली. इंग्रजी वर्तमानपत्रांत शिक्षा ‘मीट आउट’ केली असं छापून येतं. तो मापून देण्याचा ‘मीट’, स्पेलिंग निराळं, पण नातं याच घरचं.

मराठीला हे समजावून सांगावं लागत नाही. आपण ‘मापात राहा’ म्हणतो तेव्हा हातात टेप नसते. माप आणि औचित्य यांची सोयरीक आपल्याकडेही जुनी आहे. ‘मीट’बद्दल लक्षात ठेवायचं ते इतकंच: त्यात मुळात दोन बाजू आहेत आणि दोन्हींचं माप जुळतंय. एक मोठी, दुसरी तिच्या सोयीची, असा भाव त्यात नाही.

सोळावं-सतरावं शतक

हा ‘मीट’च्या भरभराटीचा काळ. भुताची भेट झाल्यावर हॅम्लेट आपली टिपणवही काढतो आणि माणूस हसतमुख असूनही हरामखोर असू शकतो, हे लिहून ठेवणं ‘मीट’ आहे असं म्हणतो. चॅन्सरी कोर्टातल्या अर्जांत न्यायमूर्तींना जे ‘मीट’ वाटेल ते त्यांनी करावं, अशी विनंती असे. आपल्या वकिलांच्या अर्जात शेवटी ‘कोर्टास योग्य वाटेल तो हुकूम व्हावा’ असतं, तसंच. (आपल्याकडच्या निकालपत्रांत ‘टु मीट द एंड्स ऑफ जस्टिस’ दिसतं, त्याने मात्र फसू नये. तिथला मीट क्रियापद आहे.)

किंग जेम्स बायबलमध्ये तो बऱ्याच ठिकाणी येतो. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात शेवटी बाप थोरल्या मुलाची समजूत घालतो की हरवलेला परत आला, आनंद करणं ‘मीट’ होतं. मूळ ग्रीक शब्द याहून जोरकस आहे. त्याचा रोख ‘करायलाच हवं होतं’ असा. इंग्रजीत येताना त्या सक्तीचं औचित्य झालं. बाप जरा जास्तच शालीन झाला, असं मला वाटतं.

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायातलं वाक्य

आता मुख्य प्रकरण. आदाम एकटा आहे, हे बरं नाही, असं देव म्हणतो आणि त्याच्यासाठी कोणीतरी घडवायचं ठरवतो. त्या कोणासाठी हिब्रूत दोन शब्द आहेत, ‘एझेर केनेग्दो’. ‘एझेर’ म्हणजे मदत, साहाय्य. हा शब्द जुन्या करारात बहुतेक वेळा खुद्द देवासाठी येतो, त्यामुळे त्यात हाताखालच्या माणसाचा वास नाही. ‘केनेग्दो’मध्ये ‘समोर’ हा अर्थ आहे: त्याच्या समोर उभं राहील असं. तोडीस तोड म्हणा हवं तर.

हे इंग्रजीत कसं आणायचं? चौदाव्या शतकातल्या विक्लिफच्या बायबलने ‘त्याच्यासारखी मदत’ अशा अर्थाचे शब्द वापरले. 1530 साली विल्यम टिंडलने सोबत करणारी मदतनीस केली. 1560 च्या जिनिव्हा बायबलने ‘हेल्प मीट फॉर हिम’ लिहिलं आणि 1611 मध्ये किंग जेम्सच्या पंडितांनी तेच ठेवलं. ‘हेल्प’ हे नाम, ‘मीट फॉर हिम’ हे त्याचं विशेषण: त्याच्या मापाची मदत. हिब्रूतला ‘समोरचा’ यात पुरता उतरत नाही, पण मापाला माप आहे. मला हा अनुवाद चांगला वाटतो.

मिल्टनचं भांडण

या एका विशेषणावर कवी जॉन मिल्टनने पुस्तक उभं केलं. 1642 मध्ये तेहेतिसाव्या वर्षी त्याने सतरा वर्षांच्या मेरी पॉवेलशी लग्न केलं. काही आठवड्यांतच ती माहेरी गेली ती परत येईना. 1643 मध्ये मिल्टनची घटस्फोटावरची पुस्तिका निनावी निघाली. त्याचा युक्तिवाद थोडक्यात असा: देवाने स्त्री दिली ती एकटेपणावर उपाय म्हणून, मुलंबाळं नंतरची गोष्ट. लग्नाचा पहिला हेतू मनाजोगता संवाद. मदत आहे पण ती ‘मीट’ नाही, तर लग्नाचा पायाच नाही. मग ते मोडायची मुभा हवी.

गहजब झाला. 1644 मध्ये पार्लमेंटपुढच्या प्रवचनात या पुस्तकाचा उद्धार झाला. मेरी 1645 मध्ये नांदायला परत आली, संसारही झाला. मिल्टनचा सगळा विचार नवऱ्याच्या बाजूने चालतो, हे खरंच. कोण कोणाला ‘मीट’ आहे हे ठरवणारा तोच. तरी जोडीदार मनाच्या मापाचा हवा, ही गोष्ट त्याने धर्मग्रंथातल्या एका विशेषणावरून मांडली, तेव्हा इंग्लंडात स्वभाव जुळत नाही म्हणून घटस्फोट मिळण्याची सोय नव्हती. कौटुंबिक दावे धर्मपीठाकडून दिवाणी कोर्टाकडे यायलाच 1857 चा कायदा लागला.

दोनाचा एक शब्द

रोजच्या बोलण्यातून ‘मीट’ जसजसा विरत गेला, तसतसं त्या वाक्याचं व्याकरण लोकांना दिसेनासं झालं. ‘हेल्प’ आणि ‘मीट’ शेजारी होतेच. ते एकत्र वाचले जाऊ लागले. 1673 मध्ये नाटककार ड्रायडनने मधे जोडरेघ देऊन ‘हेल्प-मीट’ लिहिलं. विशेषण नामाच्या पोटात गेलं. आता या ‘मीट’चा अर्थ काय, हे कोणालाच सांगता येईना, म्हणून अठराव्या शतकाच्या सुरुवातीला ‘हेल्पमेट’ आला. ‘मेट’ म्हणजे सोबती, निदान कळतो तरी.

नुकसान इथे झालं. ‘हेल्पमीट’ म्हणजे घरकामात हातभार लावणारी गृहिणी, असा अर्थ रुळला. जुळलेलं माप गेलं, मदत तेवढी उरली. फिलिस ट्रिबलसारख्या अभ्यासक स्त्रियांनी 1970 च्या दशकात मूळ हिब्रू पुन्हा उघडून दाखवलं, ते यासाठीच.

जागा कोणी घेतली

याच वाक्यात 1952 च्या सुधारित आवृत्तीने ‘फिट’ वापरला, 1978 च्या न्यू इंटरनॅशनल आवृत्तीने ‘सूटेबल’. ‘सूट’ म्हणजे एकमेकांना जुळणारा संच, तेव्हा तोही मुळात जोडीचाच शब्द. 1989 मध्ये आणखी एका आवृत्तीत ‘पार्टनर’ आला. आपल्या प्रचलित मराठी बायबलात इथे ‘अनुरूप’ आहे. मराठी वाचक हा शब्द वधू-वर सूचक जाहिरातींत दर रविवारी वाचतो, आणि माझ्या मते ‘मीट’ला इतका जवळचा शब्द इंग्रजीलाही पुढे सापडलेला नाही.

आज

‘मीट’ची सगळ्यात भक्कम जागा प्रार्थनेत आहे. 1549 च्या पहिल्या इंग्रजी प्रार्थनाग्रंथात लॅटिन ‘दिग्नुम एत यूस्तुम एस्त’साठी ‘मीट अँड राइट’ आला आणि 1662 च्या आवृत्तीतही राहिला. कॅथलिकांच्या इंग्रजी मिस्सात 2011 पासून तिथे ‘राइट अँड जस्ट’ म्हणतात. अँग्लिकन चर्चच्या जुन्या वळणाच्या उपासनेत ‘मीट’ अजून चालू आहे.

जुनं इंग्रजी वाचताना ‘इट इज मीट’ दिसलं, तर भेट शोधत बसू नका. तिथे ‘उचित’ घाला, वाक्य लागेल. आणि ‘हेल्पमीट’ दिसला, तर तो दोन शब्दांत तोडून वाचा.