दोन सरकारांचं सांडपाणी आणि संत्र्यांच्या बागा

फ्लोरिडातल्या ऑरलँडोला लोक डिस्नेसाठी जातात. शहराच्या पश्चिमेला, विंटर गार्डनच्या बाजूच्या वाळूच्या टेकाडांवर १९८६ पासून ‘वॉटर कॉन्सर्व्ह टू’ नावाची योजना चालू आहे. तिकडे पर्यटक कशाला फिरकतील? ऑरलँडो शहर आणि ऑरेंज काउंटी असे तिचे दोन मालक. काउंटी म्हणजे साधारण आपली जिल्हा परिषद, फक्त हातात पैसा आणि अधिकार जास्त.

दोघांना एकत्र आणलं ते कोर्टानं. शहराचा आणि काउंटीचा असे दोन सांडपाणी प्रकल्प प्रक्रिया केलेलं पाणी शिंगल क्रीक या ओढ्यात सोडत. ओढा पुढे टोहोपेकालिगा तलावाला मिळतो. तलाव बिघडू लागला, तशी काठावरच्या जमीनमालकाकडून प्रकरण कोर्टात गेलं आणि १९८८ पर्यंत ओढ्यात पाणी सोडणं बंद करा, असा आदेश झाला. आता रोजचं पाणी टाकायचं कुठे? पश्चिमेकडे संत्र्यांच्या बागा होत्या. त्यांना पाणी हवं होतं, पण हे पाणी नको होतं. क्षार, जड धातू, विषाणू अशा शंका होत्याच. शिवाय ‘गटाराच्या पाण्यावरची संत्री’ म्हणून बाजार पडला तर?

योजनेचं खरं कसब पाइपलाइनपेक्षा बागायतदारांशी केलेल्या करारात दिसतं. २० वर्षं पाणी फुकट, तेही बागेच्या बांधापर्यंत दाबानं. पाण्यात काय किती चालेल याच्या मर्यादा झाडाला काय सोसतं ते पाहून ठरल्या. क्लोराइडची मर्यादा तर पिण्याच्या पाण्याच्या निकषाहूनही कडक. बागायतदार इथे लाभार्थी नव्हता, करारातला पक्ष होता. आपल्याकडे पुण्याचं प्रक्रिया केलेलं पाणी मुंढव्याच्या जॅकवेलमधून बेबी कालव्यात जातं, त्याचा करार महापालिका आणि जलसंपदा खात्यातला आहे. पाण्याच्या प्रतीबद्दल शेतकरी तक्रार करतात, पण सही करणाऱ्यांत ते नाहीत. मला हा फरक यंत्रसामग्रीतल्या कुठल्याही फरकापेक्षा मोठा वाटतो.

तरी एक पेच उरतोच. शहराचं सांडपाणी रोज येतं, बाग रोज पाणी मागत नाही. भर पावसाळ्यात ते कोण घेणार? त्यासाठी टेकाडांवर वाळूचे उथळ तलाव खणले. नको असलेलं पाणी त्यांत सोडायचं, ते झिरपत भूजलात उतरतं. खोल वाळू नसती तर ही योजना जमलीच नसती.

थंडीत उलटा प्रश्न. १९८३, १९८५ आणि १९८९ च्या हिमलाटांनी मध्य फ्लोरिडातल्या बागा जाळल्या. अशा रात्री झाडाखालचे सूक्ष्म तुषार चालू ठेवले की गोठणारं पाणी उष्णता सोडतं आणि खोड वाचतं. पण सगळ्यांना पाणी एकाच रात्री हवं असतं, त्यामुळे साठ्याच्या टाक्या आणि जोडीला विहिरींची सोय ठेवावी लागली.

फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांनी काही झाडांना पावसाखेरीज वर्षाला १०० इंच पाणी देऊन पाहिलं. म्हणजे जवळजवळ कोकणातला अख्खा पावसाळा. झाडं मेली नाहीत, उलट जोमानं वाढली. रस थोडा पातळ झाला, पण फळं इतकी वाढली की एकरी साखर जास्तच भरली. तणही माजलं. बहारासाठी पाणी तोडून बागेला ताण देणारा विदर्भातला बागायतदार हे ऐकून हसेल, आणि त्याचं बरोबरच आहे. त्याच्या काळ्या जमिनीत इतकं पाणी साचलं तर मुळं सडतील. फ्लोरिडातल्या वाळूत ते थांबतच नाही, आणि फुलोऱ्याचा ताण हिवाळ्यातली थंडी देते.

हिमलाटांनंतर कित्येकांनी पुन्हा संत्री लावली नाहीत. २००५ मध्ये राज्यात ‘ग्रीनिंग’ रोग सापडला, आणि जमिनीला घरबांधणीचा भाव तर आधीपासूनच होता. बागा कमी होत गेल्या, तसं पाणी रोपवाटिका, गोल्फची मैदानं आणि नव्या वसाहतींतल्या हिरवळींकडे वळलं. संत्र्यासाठी ठरवलेल्या त्या कडक मर्यादा हिरवळीला एरवी लागल्याही नसत्या.