मोटारीची रुपेरी पट्टी

इंग्लंडांत ॲबिंग्डन येथें १९६२ ते १९८० या काळांत तयार झालेल्या ‘एम्.जी.बी.’ या स्पोर्ट्स मोटारीच्या दोन्ही बाजूंस एक रुपेरी पट्टी असते. ती केवळ शोभेची. परंतु पत्र्याचा नाश पुष्कळदां तिच्याच आडोशाला सुरू होतो. पोलादी पत्र्याला भोकें पाडून तेथें क्लिपा जडविलेल्या असतात व त्यांवर पट्टी दाबून बसविलेली असते. क्लिप सैल झाली कीं भोकाच्या कडेचा रंग खरवडला जातो, पट्टीमागें पाणी साचतें आणि गंज चढूं लागतो. अशी खुळखुळणारी पट्टी नुसती चिकटवून टाकणें म्हणजे जखम न धुतां बांधण्यासारखेंच होय.

पट्टी स्क्रूड्रायव्हरनें उचकटूं नये. प्लॅस्टिकच्या पाचरीनें प्रत्येक क्लिपेलगत हळूहळू उचलावी. मध्येंच ओढल्यास ती वांकते व तो बांक सहसा पुरता निघत नाहीं. नंतर गंज घासून काढावा आणि भोकाच्या कडेसकट गंजरोधक अस्तर व रंग द्यावा. रंग वाळल्यावर भोकाभोंवतीं जलरोधक लुकण लावून नवी क्लिप बसवावी. शेवटीं पट्टी तळहातानें दाबावी. चकाकी सर्वांस दिसेल. पण मागचा पत्रा शाबूत राहणें, हेंच या दुरुस्तीचें खरें फळ.